सरकारी शिक्क्याची पेटी

१

मंगळवारी रात्री शेडमध्ये माणसाहून उंच लाकडी पेटी होती. बुधवारी सकाळी तिथं नुसती जमीन होती.

पेटीत विणकामाचं यंत्र होतं. एल आल्तोच्या वरच्या वस्तीतल्या तीस विणकर बायकांनी सरकारी विकास बँकेचं कर्ज काढून ते मागवलं होतं आणि तारण म्हणून तिसाही जणींनी आपापली घरं लिहून दिली होती. हे कर्ज मंजूर करायला बँकेला दीड वर्ष लागलं होतं. घरांवर जप्तीची नोटीस काढायला एक दिवस पुरला. संस्थेची अध्यक्ष सातुर्निना केनायाता, जिला सगळी वस्ती मानाने दोन्या सातुका म्हणायची, ती तर बुधवारी दुपारीच पोलीस कोठडीत जाऊन बसली होती.

शुक्रवारी ला पासच्या मुख्य कार्यालयातून निएवेस कालामानी वर आली, ती ही नोटीस पर्समध्ये घालूनच. निएवेस बँकेच्या अंतर्गत तपासणीची प्रमुख. पन्नाशीची, बुटकी, आणि जिभेला धार. तोंडावर सगळे तिला ‘लिसे’ म्हणत, शिकलेल्या बाईला म्हणतात तसं. पाठीमागे ‘मिरची’ म्हणत. तिला दोन्ही माहीत होतं आणि दुसरं नाव जास्त आवडायचं.

शेडमध्ये कॅप्टन सेर्रुदो तिची वाट बघत होता. तपास संपल्याच्या थाटात त्याने हात मागे बांधले होते.

“सरळ प्रकरण आहे, लिसे. बायकांनीच नेलं.”

“दोन टनांचं धूड?”

“सुटं करून. तीस बायका, तीस आग्वायो. त्या विणलेल्या चादरीत पाठीला पोर बांधतात तसा एकेक भाग बांधला आणि चालत्या झाल्या. या बायका हो! डोंगर उचलून नेतील.”

“आणि नट कशानं उघडले? स्वेटरच्या सुयांनी?”

कॅप्टन हसला. निएवेस हसली नाही. तिची आई अशीच आग्वायोत बटाटे बांधून बाजारात बसायची आणि असल्याच गणवेशातल्या माणसांनी तिला फुटपाथवरून उठवलं होतं.

“गल्लीचं तोंड बघितलंत?” तिने विचारलं. “मंगळवारी रात्री तिथं बँडचं स्टेज होतं. अख्खी वस्ती पहाटेपर्यंत नाचत होती. ट्रक जाऊ द्या, हातगाडी निघाली नसती. तीस बायका लोखंड घेऊन त्या गर्दीतून गेल्या आणि कुणाला धक्काही लागला नाही?”

“मग भिंतीवरून.”

“भिंतीला लागून घरं आहेत, कॅप्टन.”

कॅप्टनने खांदे उडवले. आवाराला एकच गेट होतं. त्याला आतून कुलूप होतं आणि किल्ली दोन्या सातुकाच्या कमरेला. त्याच्या लेखी एवढ्यात सगळं आलं होतं.

“आत रात्रभर कोण कोण होतं?”

“चौघं. ती बाई, कुलूप लावून गेटपाशीच झोपली होती. पहारेकरी एलिसेओ. तुमचे शाखाधिकारी इतुराल्दे, त्यांची जीप गर्दीमुळे निघेना म्हणून जीपमध्येच झोपले. आणि इंजिनियर चिपाना, लोकरीच्या पोत्यांवर पिऊन पडले होते.”

निएवेसने एकेक नाव बोटावर मोजलं. पहारेकरी बँकेने नेमलेला. शाखाधिकारी बँकेचा. इंजिनियर बँकेचा. चौघांतले तिघं बँकेच्या पगारावर होते, आणि कोठडीत होती ती चौथी.

२

कोठडीत दोन्या सातुका बाकावर ताठ बसली होती. टोपी काढून घेतली होती, म्हणून तिने दोन्ही वेण्या पुढे घेऊन हातात धरल्या होत्या. पोलिसांनी तिला बेड्या घालून टीव्हीवाल्यांपुढे उभी केली होती. रात्रीच्या बातम्यांत ती सगळ्या देशाने पाहिली.

“तुम्ही बँकेच्या?” तिने विचारलं.

“हो.”

“मग बोलायचं काय? बँकेनंच सही केली ना माझ्यावरच्या तक्रारीवर.”

“सही इतुराल्देने केली. मी निएवेस. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

म्हातारीने तिच्याकडे निरखून बघितलं, मग कोकाची चार पानं पुढे केली. निएवेसने ती दोन्ही हातांनी घेतली. आता बोलणं होणार होतं.

“पेटी आली तेव्हा जड होती?”

“मेली जड! ओंडके घातले खाली आणि तिसाही जणींनी ढकलली. माझ्या कमरेत अजून कळ आहे.”

“उघडून बघितली?”

“कशी उघडणार? सरकारी शिक्का होता. इंजिनियर म्हणाला, मंत्री येऊन फीत कापणार, तोवर हात लावाल तर कर्ज रद्द. आम्ही काय, बाहेरूनच हात फिरवला. इंदालेसियानं तर पेटीचा मुका घेतला.” ती क्षणभर हसली आणि लगेच तिचा चेहरा आवळला. “मंगळवारी चाय्या केली तीपण बंद पेटीचीच.”

कार्निव्हलच्या मंगळवारी जो तो आपल्या मालकीच्या वस्तूची चाय्या करतो. घर, गाडी, हातगाडी, शिलाई मशीन, जे असेल ते. पाकळ्या आणि रंगीत कागद उधळायचे, कागदी फिती गुंडाळायच्या, दारू शिंपडायची. आधी जमिनीला, कारण सगळं धरणीमाता पाचामामाचं, आणि मग त्या वस्तूला. नव्या वस्तूची चाय्या चुकवायची हिंमत या उंचीवर कुणी करत नाही.

“सगळ्याची केली,” दोन्या सातुका सांगत होती. “गेटची, टाकीची, नव्या खोलीसाठी आणलेल्या मातीच्या विटा आहेत ना मागं, त्यांचीसुद्धा. प्लास्टिक काढून पाकळ्या टाकल्या त्यांच्यावर. आणि मग मला चोर म्हणतात! अहो, जिची चाय्या केली ती वस्तू कुणी चोरतं का आपली आपणच?”

बाहेर शिपायाने दार वाजवलं. म्हातारी एकदम पुढे झुकली आणि तिने निएवेसचं मनगट धरलं.

“माझं काय व्हायचं ते होऊ दे. तिसाही जणींनी घरं माझ्या शब्दावर लिहून दिलीत. सोमवारी बँकेची माणसं घरांना कुलपं लावायला येणार आहेत. तेवढं थांबवा.”

निएवेसकडे दोन दिवस होते.

३

शाखाधिकारी गोन्सालो इतुराल्दे याच्या टेबलावर सालत्येन्यांची, रसाळ सारणाच्या करंज्यांची, पिशवी होती आणि तो हनुवटीखाली रुमाल धरून रस न सांडता खात होता. ला पासच्या खालच्या, उबदार भागातला माणूस. एल आल्तोत रोज जीपने वर यायचा आणि अंधार पडायच्या आत खाली उतरायचा. मंगळवारी तेवढा अडकला.

“भयंकर रात्र होती ती, निएवेस. थंडी! आणि बँडचा तो ट्यूबा रात्रभर! माझ्या कानात अजून वाजतोय.”

“तुम्ही चाय्या केलीत?”

“अर्थात. फोटोसाठी. एक बीअरची बाटली चांगली हलवली आणि पेटीवर फवारा सोडला. बायका खूश! मला काय, मी ख्रिसमसलाही चर्चमध्ये झोपतो. पण लोकांच्या रीतीरिवाजांचा मान राखावा.”

“मान राखलात म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर चोरीची तक्रार केलीत?”

इतुराल्देने रुमाल खाली ठेवला. “कायदा आहे. वस्तू त्यांच्या ताब्यात होती. पोच त्यांनी दिली होती. सोमवारी मंत्री येताहेत, निएवेस! मी त्यांना काय दाखवू, जमीन? बँकेला कुणीतरी जबाबदार दाखवावाच लागतो.”

“म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी.”

“तुझा हा स्वभाव! म्हणूनच तुला अजून बढती नाही.”

“आणि तुला तुझ्या स्वभावामुळेच मिळाली.” तळपायाची आग मस्तकात गेली की निएवेसचा आवाज उलट खाली यायचा. “शिक्का मारण्याआधी पेटीत डोकावलास?”

“मी कशाला? इंजिनियरने तपासून अहवाल दिला. मी सही करतो, खिळे काढत नाही.”

पहारेकरी एलिसेओ शेडच्या गेटपाशी आपल्या पत्र्याच्या खोलीत भेटला. हा माणूस सुवार्तावादी पंथाचा. दारू नाही, नाच नाही, पाचामामा नाही. त्याच्या मांडीवर बायबल होतं आणि बोलताना तो त्याच्या कडा चाचपत होता.

“हेर्मानो, भाऊ म्हणून विचारते, मंगळवारी तुम्ही शिंपडलंत?”

“देव क्षमा करो, नाही. दोन्या इंदालेसियानं वाटी पुढं केली, मी हात मागं घेतला. एकट्या देवापुढं झुकावं. त्या रागावल्या.”

“आणि रात्री?”

 त्याने डोळे मिटले. “रात्री मी कानात कापूस घालून स्तोत्रं म्हणत होतो, लिसे. बाहेर नुसता सैतानाचा बाजार. गेट मात्र माझ्यासमोर होतं. गेटमधून काही गेलं नाही. पोलिसांनी मला तीनदा विचारलं, मी तीनदा हेच सांगितलं, तर म्हणे तू त्या बायकांना सामील आहेस. मी खोटं बोलत नाही हो! एवढं एकच तर मला जमतं.”

निएवेसने त्याच्यावर विश्वास ठेवला आणि त्यामुळे तिची अडचण वाढली. गेटमधून काही गेलं नसेल, भिंतीवरून जाणं शक्य नसेल, तर यंत्र गेलं कुठे?

४

दोन्या इंदालेसिया संस्थेची खजिनदार. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ती दोन्या सातुकाकडून हरली होती आणि तो पराभव तिने लोणच्यासारखा मुरवत ठेवला होता. कॅप्टनने तिचं म्हणणं आनंदाने लिहून घेतलं होतं.

“मी म्हणतच होते,” ती सुया न थांबवता म्हणाली, “की सातुका मोठेपणा मिरवते. पण चोर? नाही बाई. एवढी अक्कल नाही तिला.”

“तुमच्या भावाकडे ट्रक आहे म्हणे.”

“आहे की. जानेवारीपासून इंजिनाविना उभाय. हवं तर ढकलून न्या.” तिने सुई रोखली. “मला विचाराल तर चूक आमचीच. चाय्या नीट झाली नाही त्या दिवशी. तेव्हाच मला कळलं, काहीतरी वाकडं होणार.”

“म्हणजे?”

“एलिसेओनं तोंड फिरवलं. त्याचं सोडा, तो तसलाच. तो बँकेचा टायवाला साहेब मात्र माकडासारखा बाटली घेऊन उड्या मारत होता, पाचामामाला एक थेंब नाही, सगळी दारू पेटीवर. पण खरं वाईट वाटलं ते इंजिनियरचं.”

“चिपानाचं? का?”

“आपला माणूस ना तो! आई त्याची आचाकाची गावची, आमच्यासारखीच घेरदार घागरा घालणारी, पोयेरावाली. आला उशिरा, केसांत रंगीत कागद, गळ्यात फिती, कुठंतरी आधीच करून आलेला. मी वाटी दिली. त्यानं चारही कोपऱ्यांना शिंपडलं, जमिनीला, अगदी रीतीनं, ओठ हलवत. आणि पेटीची पाळी आली तर वाटी दिली परत! म्हणे पोट बिघडलंय. अहो, शिंपडायला पोट लागतं का? आमच्या पेटीचा त्याला विटाळ!”

निएवेसने आपल्या चहाच्या पेल्यात जरुरीपेक्षा जास्त साखर घातली आणि ढवळत राहिली.

दुपारी ती इंजिनियर रेनान चिपाना याला खानावळीत भेटली. चाळिशीचा, सभ्य, थकलेला. डोळ्यांखाली काळं. त्याने यंत्राचं वजन, वेग, सुयांची संख्या सगळं न अडखळता सांगितलं. पेटी सीमेवरच्या गोदामात आपल्यासमोर भरली गेली आणि आपणच ट्रकबरोबर आलो, हेही सांगितलं.

“मंगळवारी तुम्ही पेटीची चाय्या केली नाही, असं ऐकलं.”

“मी इंजिनियर आहे, लिसे,” तो हसून म्हणाला. “यंत्राला तेल लागतं, दारू नाही. म्हाताऱ्यांचं मन राखायला जमिनीवर चार थेंब टाकले, बस.”

वाढणाऱ्या मुलीने बीअर आणून ठेवली. चिपानाने पेला उचलला, बोलता बोलता खाली वाकवला, दोन थेंब फरशीवर सांडले आणि मग ओठाला लावला. आपण काय केलं हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

निएवेसच्या मात्र आलं.

५

शनिवारी सकाळी ती पुन्हा आवारात गेली, एकटीच. गेट, टाकी, शेड. दोन्या सातुकाने सांगितलेल्या क्रमाने ती चाय्या झालेल्या वस्तू बघत फिरली. गेटच्या दांड्यांना फिती होत्या. टाकीवर पाकळ्या वाळून चिकटल्या होत्या. जिथं पेटी होती तिथं जमिनीवर बीअरचा चिकट, वाळका पट्टा आणि मधे पेटीच्या आकाराचा स्वच्छ चौकोन. म्हणजे मंगळवारी पेटी इथंच होती, यात शंका नव्हती.

मग ती मागे गेली. मातीच्या विटांची रास निळ्या प्लास्टिकखाली होती. तिने प्लास्टिक ओढून काढलं.

वरच्या विटा स्वच्छ होत्या. एक पाकळी नाही, एक रंगीत कपटा नाही.

तिच्या कपाळाला आठी पडली. दोन्या सातुका खोटं बोलली? तिने वरची वीट उचलून बाजूला ठेवली. तिच्याखालची. तिच्याही खालची. बाही मळली, नख तुटलं, ती शिव्या देत राहिली आणि विटा उचलत राहिली. कमरेच्या उंचीवर आल्यावर तिचा हात थांबला.

तिथं, राशीच्या पोटात, पिवळ्या पाकळ्या होत्या. रंगीत कागद, गुलाबी फीत, सगळं विटांच्या थराखाली चेपलेलं. चाय्या झाली तेव्हा रास एवढीच होती. त्यावरच्या विटा मंगळवारनंतर आल्या होत्या.

बंद आवारात मंगळवारनंतर बाहेरून काही आलं नव्हतं. मग विटा आल्या त्या शेडमधूनच.

निएवेस त्या राशीवर बसली.  एका माणसाला एका रात्रीत दोन टनांचं यंत्र नेता येत नाही. पण पेटीतल्या विटा एकेक करून पंधरा पावलं मागे नेऊन रचता येतात. फळ्या भिंतीवरून शेजारच्या अंगणांत टाकल्या की झालं. या वस्तीत असं आयतं आलेलं लाकूड तासभरही टिकत नाही. यंत्र चोरीला गेलंच नव्हतं. ते इथं कधी आलंच नव्हतं. तीस बायकांनी कमरा मोडून, गाणी म्हणत विटांची पेटी ढकलत आणली होती आणि तिच्यावर आपली घरं उधळली होती.

हे कुणी केलं तेही तिला कळलं होतं. पण पाकळ्यांवर कुणाला तुरुंगात टाकता येत नाही. यंत्र कुठं आहे, ते फक्त त्याला माहीत होतं, आणि सोमवार परवावर आला होता.

तिने कॅप्टनला फोन लावला. “सगळ्यांना दुपारी शेडमध्ये बोलवा. यंत्र सापडलंय म्हणून सांगा.”

“सापडलं?” कॅप्टन ओरडला. “कुठं?”

“तुम्ही बोलवा तर!”

६

सगळे जमले. विणकर बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या, सुया चालूच. इतुराल्दे टाय सावरत होता. एलिसेओ दारात. चिपाना पोत्यावर बसला होता, चेहरा मख्ख.

“यंत्र काल रात्री मिळालं,” निएवेस म्हणाली. “धडधाकट आहे. चालूसुद्धा केलंय कुणीतरी.”

बायकांत एकच गलका झाला. कुणी रडली. इतुराल्देने सुटकेचा श्वास सोडला. चिपाना हलला नाही.

“एका गोष्टीचं वाईट वाटलं पण.” तिने आवाज खाली आणला. “बिचारं पार कोरडं आहे हो. अंगावर एक फीत नाही, पाकळी नाही. थेंब शिंपडलेला दिसत नाही. ज्यानं नेलं त्यानं मंगळवारी त्याची चाय्यासुद्धा केली नाही.”

सुया थांबल्या. दोन्या इंदालेसियाने छातीवर क्रूस केला. “कोरडं यंत्र! आणि चालवलं?”

“चालवतायत. एक बाई बसलेली होती त्यावर.”

“अगं आई गं! हात खाणार ते तिचा! वर्ष उलटायच्या आत! पाचामामा भुकेली ठेवली की आपला घास आपणच घेते. माझ्या चुलतबहिणीची बोटं अशीच—”

“कोरडं कसं असेल?” चिपाना उठून उभा राहिला होता. “मी स्वतः मंगळवारी सकाळी सिंगानी दारू शिंपडली. चारही पायांना. सगळ्या फिती मीच गुंडाळल्या. कुणी काढल्या? माझी बहीण बसते त्यावर—”

तो थांबला. 

“कुठं बसते?” निएवेसने विचारलं.

 तो खाली बसला आणि त्याने तोंड हातांत लपवलं. “वियाचाला. मेव्हण्याच्या कारखान्यात. फिती खरंच नाहीत?”

“मला काय माहीत? मी यंत्र अजून बघितलेलंच नाही.”

कॅप्टनचं तोंड उघडं राहिलं. निएवेसने त्याला हाताला धरून मागे नेलं, विटांची रास दाखवली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात एकेक सांगितलं.

“पेटी विटांची होती, हे एवढ्यावरून कळतं. विटा भरणारा आणि पुन्हा काढणारा कोण, ते चाय्येनं सांगितलं. तिघं बँकवाले होते. एलिसेओनं शिंपडलं नाही, पण तो कशालाच शिंपडत नाही. इतुराल्देनं पेटीवर बाटली ओतली, पण त्याला पाचामामाही सारखी आणि फोटोग्राफरही सारखा. त्याच्या ओतण्यावरून काहीच कळत नाही. राहिला तिसरा. हा मानतो. बीअर प्यायच्या आधी जमिनीला पाजतो. यानं चारही कोपरे रीतीनं शिंपडले आणि पेटीपाशी वाटी परत केली. मानणारा माणूस कशाला हात आखडेल? आत यंत्र नाही हे माहीत असेल तरच. बँकेशी खोटं बोलला, मंत्र्याशी बोलला असता, तीस बायकांच्या डोळ्यांत धूळ फेकली. पाचामामाला विटांची पेटी यंत्र म्हणून दाखवायला मात्र याची छाती झाली नाही.”

“मला तिची भीती वाटली,” चिपाना हातांआडून म्हणाला.

“आमची नाही वाटली?” दोन्या इंदालेसिया किंचाळली. सूतगुंडा तिच्या हातून सुटून जमिनीवर घरंगळत गेला. “मेल्या, तुझी आई पोयेरावाली! तिला पाजतोस आणि आम्हाला उपाशी मारतोस? ती आहे तरी कुठं वेगळी आमच्याहून?”

 कॅप्टनने चिपानाला उठवलं.

इतुराल्देने निएवेसला बाजूला घेतलं. “उत्तम काम! आता हे शांतपणे मिटवू. यंत्र परत आलं, सोमवारी फीत कापली, विषय संपला. वर्तमानपत्रांत बँकेच्या इंजिनियरचं नाव कशाला?”

“त्या बाईचं नाव आलं तेव्हा तुला वर्तमानपत्रं दिसली नाहीत?”

“ते वेगळं होतं.”

“काय वेगळं होतं? बोल की. सगळ्यांसमोर सांग, काय वेगळं होतं.”

 निएवेसने पर्समधून जप्तीची नोटीस काढली आणि त्याच्या पुढ्यात धरली. त्याने खिशातून पेन काढून ती रद्द केल्याची सही तिथंच, दोन्या इंदालेसियाच्या पाठीचा टेबलासारखा आधार घेऊन केली. इंदालेसियाने पाठ सरळ केली, कागद हातात घेऊन दोनदा वाचला आणि मगच परत दिला.

७

रविवारी दुपारी दोन्या सातुका सुटली. कोठडीच्या दारात इतुराल्दे उभा होता, हातात फुलांचा गुच्छ आणि मागे बँकेचा फोटोग्राफर. त्याने भाषणही पाठ केलं होतं. दोन्या सातुका त्याच्याशेजारून निघून गेली आणि निएवेसच्या गाडीत बसली. इतुराल्देची जीप मागोमाग आली.

म्हातारीच्या गल्लीच्या तोंडाशी निएवेसने करकचून ब्रेक दाबला.

दिव्याच्या खांबाला बाहुली टांगलेली होती. या वस्त्यांत चोरांना दहशत बसावी म्हणून पेंढ्याचे बाहुले टांगतात, त्यात नवल नव्हतं. पण हिला दोन वेण्या होत्या, आणि गळ्यात पुठ्ठा: चोरटी सातुका. अंगावर हिरवी मखमली पोयेरा वाऱ्यावर फुगत होती.

दोन्या सातुका गाडीतून उतरली. टोपी हाताने धरून तिने बराच वेळ वर पाहिलं.

“ती पोयेरा माझी आहे,” ती म्हणाली.

“काय?”

“माझी. सणाची. धुऊन दोरीवर वाळत घातली होती. अंगणात शिरून काढली कुणीतरी.” तिचा आवाज फुटला. “माझ्या घरात चोरी केली, आणि चोर म्हणून मलाच टांगलं.”

खिडक्यांचे पडदे हलले. एकही दार उघडलं नाही. इतुराल्दे घाईघाईने पुढे आला.

“फार वाईट, दोन्या सातुर्निना. मी उद्या कुणालातरी शिडी घेऊन—”

“तक्रारीवर सही कुणी केली?” तिने विचारलं.

तो घुटमळला. “पद माझं होतं, म्हणून…”

“तर मग चढा.”

तो निएवेसकडे बघू लागला. निएवेसने त्याच्या हातातला गुच्छ काढून घेतला. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने न सांगता शिडी आणून लावली. इतुराल्दे एकेक पायरी चढला, टाय खांद्यावर टाकून, थंडीत घामाघूम होत. फोटोग्राफरने कॅमेरा वर केला.

“बंद कर ते!” वरून ओरडा आला.

“काढ,” निएवेस म्हणाली. “तुझ्या बातमीला फोटो हवाच होता ना? हाच काढ.”

गाठ सुटायला वेळ लागला. बाहुली त्याच्या अंगावरच पडली आणि तो पेंढ्याने भरलेला खाली उतरला. दोन्या सातुकाने बाहुलीची पोयेरा सोडवली, झटकली, उजेडात धरून बघितली. कमरेपाशी उसवली होती. तिने तिची नीट घडी घातली आणि दोन्ही हातांवर घेतली.

“चला, घरी सोडते,” निएवेस म्हणाली.

“जाते की. आधी एक काम आहे.”

ती पहिल्या घरापाशी गेली आणि तिने दार वाजवलं.

“काही नाही गं,” ती बंद दाराला म्हणाली. “ही दोरीवरून कुणी काढली, एवढंच विचारायला आलेय.”

आतून कुणी कडी काढली नाही. ती शेजारच्या दारापाशी गेली.